अभियंत्याची सही आणि तिच्यामागील नोंदणी

आपल्या रुग्णालयाच्या गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी जमाखर्चातील ‘दुरुस्ती, देखभाल व तांत्रिक शुल्क’ या रकमेवर बोट ठेवून एक रास्त प्रश्न विचारला होता. “आम्ही देणगी देतो ती गरीब रुग्णाच्या औषधोपचारासाठी. मग अभियंत्यांच्या पगारावर आणि तपासणी शुल्कावर एवढा खर्च कशासाठी? माझा पुतण्या अभियंता आहे, तो हे काम सेवा म्हणून विनामूल्य करील.” सभेची वेळ संपत आलेली असल्याने आम्ही त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. प्रश्न सद्भावनेने विचारलेला होता. तो इतर अनेकांच्या मनात असणार, म्हणून या अहवालात त्याचे सविस्तर उत्तर देत आहोत.

उत्तराची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करावी लागेल.

काही वर्षांपूर्वीपर्यंत रुग्णालयाची विजेची सर्व कामे एका अनुभवी, अत्यंत प्रामाणिक गृहस्थांच्या हाती होती. इमारतीतील कोणती वायर कोठून कोठे गेली आहे हे त्यांना तोंडपाठ होते. रात्री-अपरात्री निरोप गेला तरी ते सायकलवरून हजर होत. मोठी कामे ते आपल्या ओळखीच्या एका ठेकेदाराकडून करवून घेत. त्या ठेकेदाराच्या बिलावर ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स’ असे ठळक अक्षरांत छापलेले असे. परवाना क्रमांक मात्र कोठेही नसे. तो नाही हे आमच्या लक्षात आले नाही, कारण तो असावा लागतो हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

एका पावसाळी रात्री वीजपुरवठा खंडित झाला. नेहमीप्रमाणे जनरेटर सुरू झाला आणि काही क्षणांतच नवजात शिशु कक्षातील दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले. एका वॉर्मरमधून धूर निघू लागला. ड्यूटीवरील परिचारिकेने प्रसंगावधान राखून त्यावरील बाळ उचलले व मुख्य बटण बंद केले. बाळास कोणतीही इजा झाली नाही. दोन मॉनिटर व तो वॉर्मर जळून गेले.

दुसऱ्या दिवशी तपासणीत कारण उघड झाले. जनरेटरचा व मंडळाचा पुरवठा बदलणाऱ्या पॅनलमध्ये न्यूट्रलचा जोड हाताने पिळून केलेला होता. वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या भाराने तो तापून ढिला झाला होता व त्या रात्री सुटला. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी असतो तेथील दाब २३० व्होल्टवर राहत नाही, तो ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. शिशु कक्ष नेमका त्या फेजवर होता.

विमा कंपनीच्या सर्वेक्षकांनी आमच्याकडे एकच कागद मागितला : हे पॅनल बसविणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल. तो नव्हता. दावा नामंजूर झाला व जळालेली यंत्रे देणगीच्या पैशातून पुन्हा घ्यावी लागली. ‘विनामूल्य’ आणि ‘स्वस्त’ या शब्दांविषयी आमचे मत त्या दिवसापासून बदलले.

आता ‘नोंदणी’ म्हणजे काय, ते सांगतो. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे असल्याने आम्हांस हा विषय हिशेबाच्या उदाहरणानेच समजला. एखादा एम. कॉम. झालेला मनुष्य आपल्या न्यासाची खातेवही उत्तम लिहू शकेल. कदाचित लेखापरीक्षकापेक्षाही सुबक लिहील. परंतु ताळेबंदावर लेखापरीक्षक म्हणून त्याची सही चालत नाही. तेथे १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याखाली ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याचीच सही लागते. २०१९ पासून तर अशा प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ अंकी ओळख क्रमांक असतो व तो खरा की खोटा हे कोणासही पडताळून पाहता येते. पदवी सांगते की या व्यक्तीने एके काळी अमुक विषयाचा अभ्यास केला. नोंदणी सांगते की या व्यक्तीचे नाव आज एका पुस्तकात आहे, ते पुस्तक मालकाच्या ताब्यात नसून तिऱ्हाइताच्या ताब्यात आहे, आणि गैरकृत्य केल्यास ते नाव तेथून कमी होऊ शकते.

वैद्यकीय क्षेत्रात हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी नसलेला डॉक्टर आम्ही नेमला तर आपणच आम्हांस जाब विचाराल. ती नोंदणीही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. परिचारिकेस परिचर्या परिषदेची व औषधनिर्मात्यास १९४८ च्या फार्मसी कायद्याखालील नोंदणी लागते. मात्र ज्या विजेवर व्हेंटिलेटर चालतो, ज्या छताखाली रुग्ण झोपतो, त्याची जबाबदारी घेणाऱ्या मनुष्यास आम्ही कित्येक वर्षे फक्त “अनुभव किती?” एवढेच विचारीत होतो.

याचे एक कारण कायद्यातच आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद लावता येत नाही. अभियंत्यांच्या सर्व शाखांना लागू होईल अशी सक्तीची नोंदणी मात्र आपल्या देशात नाही. परिणामी ‘इंजिनिअर’ हा शब्द कोणीही आपल्या पाटीवर रंगवू शकतो. कोलकात्याची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही १९२० साली स्थापन झालेली व १९३५ मध्ये राजसनद मिळालेली संस्था पात्र सदस्यांना ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही मान्यता देते. ती योग्यतेची चांगली खूण आहे, पण विशिष्ट काम करण्याचा परवाना नव्हे. हा फरक आम्हांस बराच उशिरा कळला.

आपल्याकडे नोंदणी आहे ती कामागणिक निरनिराळी, आणि रुग्णालयास त्यांतील बहुतेक लागतात. विजेचेच पाहा. मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करावे, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमातच होते. ते नियम जाऊन २०१० चे विनियम आले, त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. पण हे तत्त्व कायम आहे. म्हणजे आमच्या पॅनलचे ते काम कोणी करावयाचे, हे ठरवून देणारा नियम त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होता. इमारतीच्या मजबुतीबाबत महानगरपालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. अग्निशमन यंत्रणेसाठी महाराष्ट्राचा २००६ चा कायदा असून, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. धुलाई विभागातील बॉयलर प्रमाणपत्रधारक परिचराविना चालविता येत नाही. लिफ्टची तपासणी शासकीय निरीक्षकाकडून होते. क्ष-किरण विभागासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेला किरणोत्सार सुरक्षा अधिकारी लागतो.

वाचताना हे कागदी घोडे वाटतील. आम्हांसही वाटत. परंतु यांतील बरेचसे नियम कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेनंतरच झालेले आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेत वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. खर्च वाचावा म्हणून शाळेने तेलक्षेत्रातील वाया जाणारा वायू नळ जोडून घेतला होता. त्यास वास नसल्याने गळती कोणाच्या लक्षात आली नाही. त्याच वर्षी टेक्सासने अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला व वायूस वास मिसळणे सक्तीचे केले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण भूजचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तेथील शासकीय रुग्णालयाची इमारत कोसळली. जखमींना ज्या दारी न्यावयाचे तेच दार ढिगाऱ्याखाली गेले. नवे रुग्णालय भूकंपाचा हादरा शोषून घेणाऱ्या रबरी आधारांवर उभारण्यात आले, आणि २००६ मध्ये गुजरातने स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा केला. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, ही घटना तर आपणा सर्वांच्या स्मरणात आहेच. आमच्या कक्षातील तो धूर व तेथील आग यांत केवळ एका परिचारिकेच्या जागरूकतेचे अंतर होते, असे आम्हांस त्या सकाळी बातमी वाचताना वाटले.

सभेतील प्रश्नाशी अधिक निकटचा असा एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे. एका कुटुंबाने मातोश्रींच्या स्मरणार्थ जुन्या इमारतीवर आणखी एक मजला बांधून देण्याची इच्छा व्यक्त केली. रक्कम मोठी होती व आम्हांस खाटांची निकड होती. त्यांच्या नात्यातील एका तरुण अभियंत्याने इमारत पाहून “खांब जाडजूड आहेत, एक मजला सहज पेलतील” असे सांगितले. तो पदवीधर होता, हुशार होता, त्याच्या हेतूविषयी शंका नव्हती. परंतु “हे लिहून, सही करून द्याल का?” असे विचारताच तो गप्प झाला, कारण ज्या सहीवर महानगरपालिका बांधकामास परवानगी देते, तशी सही करण्याचा अधिकार त्यास नव्हता.

मग आम्ही नोंदणीकृत संरचना अभियंता नेमला. त्याने हातोड्याची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी घेतली, काही ठिकाणी काँक्रीटचे गाभे कापून प्रयोगशाळेत पाठविले, गंजाचा अंदाज घेण्यासाठी सळयांची विद्युत चाचणी केली. शुल्क बरेच झाले. अहवाल आला तो असा की, तळमजल्यावरील काही खांबांत सळया गंजून काँक्रीट सुटू लागले आहे. नवा मजला दूरच, आहे त्या मजल्यांसाठीच खांबांना बाहेरून नव्या सळया व काँक्रीटचे वेष्टन द्यावे लागेल. त्या कुटुंबास हे सांगताना आम्हांस संकोच वाटला. मजल्यावर नाव कोरता येते. खांबाच्या वेष्टनावर संगमरवरी पाटी शोभत नाही. दात्यांनी अहवाल दोनदा वाचला व तीच रक्कम खांबांच्या बळकटीकरणास देण्यास संमती दिली. त्यांच्या मातोश्रींचे नाव आज रुग्णालयाच्या कोणत्याही दालनावर नाही. ते या कामाच्या फाइलवर आहे, आणि ही गोष्ट आपणांस कळावी असे आम्हांस वाटते.

नोंदणीचा खरा उपयोग आमच्या ध्यानात आला तो मात्र नव्या अतिदक्षता कक्षाच्या उद्घाटनाच्या वेळी. पत्रिका छापून झाल्या होत्या, प्रमुख पाहुण्यांची वेळ ठरली होती. तीन दिवस आधी आमच्या विद्युत अभियंत्यांनी सांगितले की एका केबलच्या इन्सुलेशनचे वाचन समाधानकारक नाही व ते पूर्णत्वाच्या अहवालावर सही करणार नाहीत. आम्ही समजावून पाहिले. एक विश्वस्त काहीशा त्राग्याने म्हणाले, “अहो, एक दिवसापुरता पुरवठा द्या, मग हवे ते करा.” त्यावर अभियंते शांतपणे म्हणाले, “साहेब, एक दिवसापुरता परवाना माझ्याकडे नाही.”

समारंभ जुन्या इमारतीतून घेतलेल्या तात्पुरत्या दिव्यांच्या प्रकाशात पार पडला. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली, पण कक्षाचे पॅनल बंदच राहिले. त्या दिवशी आमचा चेहरा कसा होता ते छायाचित्रात दिसते. पुढच्या आठवड्यात चर खणला तेव्हा केबलवर कुदळीचा घाव आढळला. मातीत ओल उतरली असती तर तो कधी ना कधी बोललाच असता. केबल बदलून, पुन्हा चाचणी करूनच रुग्ण तेथे हलविण्यात आले.

या अभियंत्यांचा पगार आम्हीच देतो, त्यांना कामावरून कमी करणेही आमच्या हाती आहे. पण त्यांच्या प्रमाणपत्रावरील क्रमांक आमच्या हाती नाही. तो गमावला तर आम्ही तो परत देऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते आम्हांस ‘नाही’ म्हणू शकले. आमचे पूर्वीचे सायकलवरून येणारे गृहस्थ कधीही नाही म्हणाले नव्हते. आम्ही म्हटले, येथे आणखी एक वातानुकूलन यंत्र बसवा, त्यांनी बसविले. आम्ही म्हटले, त्याच लाइनवर धुलाई यंत्र जोडा, त्यांनी जोडले. तो न्यूट्रल ज्या भाराने तापला तो भार आमच्याच तोंडी आदेशांनी वाढलेला होता. नकार देण्यासाठी पायाखाली जी जमीन लागते ती त्यांना कोणी दिलेलीच नव्हती. त्यांना दोष देणे आम्हांस आजही अन्याय वाटते.

वाचक विचारतील म्हणून सांगतो, त्यांना आम्ही दूर केले नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर ते तारतंत्रीच्या परीक्षेस बसले. पहिल्या वेळी लेखी भागात राहिले, दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाले. निवृत्तीपर्यंत ते पर्यवेक्षकाच्या हाताखाली परवानाधारक वायरमन म्हणून काम करीत होते. परवाना मिळाल्यानंतरच्याच महिन्यात त्यांनी आमची एक सूचना प्रथमच नाकारली, हे येथे कौतुकाने नमूद करीत आहोत.

आता नेमणुकीच्या वेळी आम्ही काय करतो ते थोडक्यात. प्रमाणपत्राची छायाप्रत आम्ही स्वीकारीत नाही. मूळ प्रत पाहतो आणि ज्या कार्यालयाने ती दिली तेथे क्रमांक, नाव व मुदत पडताळतो. एका चांगल्या उमेदवाराची मुदत संपलेली निघाली. त्यास नूतनीकरण करून येण्यास सांगितले व तोवर जागा रिकामी ठेवली. क्रमांक खरा असला तरी तो कोणत्या कामासाठी आहे हे पाहावे लागते. कमी दाबाच्या मांडणीपुरते प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीकडे उच्च दाबाचे उपकेंद्र सोपविता येत नाही. सर्वांत त्रासदायक प्रकार भाड्याच्या परवान्याचा. ठेकेदाराच्या कागदावर एका पर्यवेक्षकाचे नाव असते, पण तो गृहस्थ प्रत्यक्षात ती संस्था सोडून कधीच गेलेला असतो, किंवा एकच व्यक्ती अनेक ठिकाणी कागदोपत्री हजर असते. एका निविदेच्या वेळी आम्ही अशा पर्यवेक्षकास प्रत्यक्ष भेटीस बोलावले. ठेकेदाराने तीन वेळा निरनिराळी कारणे सांगितली. चौथ्या वेळी आम्ही बोलावले नाही, निविदाच बाजूला ठेवली. ती सर्वांत कमी रकमेची होती, आणि त्याविषयी विश्वस्त मंडळापुढे आम्हांस लेखी खुलासा द्यावा लागला. तो इतिवृत्तात आहे.

नोंदणी म्हणजे कौशल्याची हमी, असा मात्र आमचा दावा नाही. जागेवर न जाता कार्यालयात बसून सही करणारे नोंदणीकृत लोकही असतात. म्हणून “सर्व काही ठीक” अशा एका ओळीचा अहवाल आम्ही परत पाठवितो. प्रत्येक अर्थिंगच्या खड्ड्याचे वाचन किती ओहम आले, कोणत्या तारखेस, कोणत्या मापकाने, तो मापक शेवटचा कधी तपासला गेला, हे लिहून मागतो. दुसरी अडचण जैववैद्यकीय अभियंत्यांची. व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, इन्फ्यूजन पंप यांची देखभाल करणाऱ्या या अभियंत्यांची नोंदणी डॉक्टरांसारखी रुळलेली नाही. तेथे आम्ही यंत्रनिर्मात्याकडे घेतलेल्या प्रशिक्षणाचा दाखला पाहतो व यंत्रांचे अंशांकन एन.ए.बी.एल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घेतो. म्हणजे माणसाचा क्रमांक नसेल तेथे निदान मापनाचा क्रमांक तरी मागतो. ही तडजोड आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

ज्या देणगीदारांनी हा प्रश्न विचारला त्यांच्या पुतण्याविषयी आम्हांस आदरच आहे. त्यांनी सवडीने अवश्य यावे. आमच्या अभियंत्यांबरोबर गच्चीपासून जनरेटरच्या खोलीपर्यंत फिरावे आणि काही उणे दिसल्यास सांगावे. तांत्रिक समितीवर अशा जाणकार हितचिंतकांची आम्हांस गरजच आहे. सही मात्र नोंदणी असलेल्याचीच राहील, व तिचे शुल्क जमाखर्चात दिसत राहील.

विद्युत चाचणी, अग्निशमन, लिफ्ट, बॉयलर, किरणोत्सार सुरक्षा व संरचना तपासणी यांची चालू मुदतीची सर्व प्रमाणपत्रे, त्यांवर सही करणाऱ्यांच्या नोंदणी क्रमांकांसह, एका निळ्या फाइलमध्ये प्रशासन कार्यालयात ठेवलेली आहेत. देणगीदारांना, तसेच येथे दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ती कार्यालयीन वेळेत पाहता येतील. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.